मत वाया जाणं वेगळं, मतं खाणं वेगळं

अमेरिकेत कुणी गडगंज माणूस राष्ट्राध्यक्षपदासाठी अपक्ष उभं राहायची भाषा करू लागला, की सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या आमच्या मराठी घरांमधून एक सल्ला फिरू लागतो. "त्याला मत देऊ नकोस, वाया जाईल. शिवाय तो आपल्या माणसाची मतं खातोय." गणपतीच्या जेवणाला बसल्या बसल्या हे दोन्ही एका दमात ऐकलंय मी, आणि तेही इथे तीस तीस वर्षं काढलेल्या शहाण्यासुरत्या माणसांकडून. मत वाया गेलं म्हणजे त्याने निकालात काडीचा फरक पडला नाही. मतं खाल्ली म्हणजे निकाल फिरला. एकच मत दोन्ही कसं करेल? तरी ही गल्लत होतच राहते, आणि नुकतंच नागरिकत्व मिळालेली मुलं गोंधळून मत द्यायलाच जात नाहीत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

वाया जाणं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. पडणाऱ्याला दिलेलं मत, एवढाच त्याचा अर्थ. त्या हिशेबाने, जिथे हल्ली डेमोक्रॅटच जिंकतात त्या कॅलिफोर्नियातल्या रिपब्लिकन माणसाचं मतही वायाच जातं, पण त्याला कुणी घरी बस म्हणत नाही. फक्त आपल्याकडच्या अपक्षाचा अनुभव इथे लावू नका. १९९५ साली महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले आणि युतीचं सरकार त्यांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. राष्ट्राध्यक्षाची खुर्ची एकच असते. तिथे आमदारांसारखा नंतर पाठिंबा देऊन वजन वापरता येत नाही.

खरी मेख आहे मतं खाण्यात. त्यासाठी रॉस पेरोची १९९२ची निवडणूक नीट बघावी लागते, कारण "पेरोमुळे थोरले बुश पडले" हे वाक्य लोक अजूनही सूर्य पूर्वेला उगवतो तितक्या खात्रीने बोलतात.

पेरो टेक्सासचा अब्जाधीश, ईडीएस या संगणक कंपनीचा संस्थापक. प्रचारावर त्याने स्वतःच्या खिशातले सहा कोटी डॉलरहून जास्त घातले. टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ विकत घ्यायची आणि टेबलाशी बसून, हातात छडी घेऊन सरकारी तुटीचे तक्ते समजावून सांगायचे, हा त्याचा प्रचार. जुलैत त्याने माघार घेतली, १ ऑक्टोबरला परत उतरला. एवढं होऊनही १८.९ टक्के मतं पडली, म्हणजे जवळजवळ १ कोटी ९७ लाख. इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष ज्यांच्या मतांनी ठरतो त्या राज्याराज्यातल्या प्रतिनिधींची (इलेक्टरांची) मतं, मात्र शून्य. जिंकायला ती २७० लागतात. डेमोक्रॅट बिल क्लिंटन ४३ टक्क्यांवर ३७० इलेक्टोरल मतं घेऊन निवडून आले, रिपब्लिकन थोरले बुश ३७.४ टक्क्यांवर १६८.

आता लोक काय करतात? बुशच्या ३७ मध्ये पेरोची १९ घालतात, ५६ होतात, आणि खटला निकालात. यात दोन चुका आहेत. पहिली, पेरोचे सगळे मतदार मुळात बुशचेच होते असं धरून चालणं. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना त्याच दिवशी विचारलं गेलं होतं की पेरो नसता तर काय केलं असतंत. त्याच्या मतदारांपैकी ३८ टक्के म्हणाले बुश, ३८ टक्के म्हणाले क्लिंटन. उरलेल्यांत बरेच असे, की त्यांनी मतच दिलं नसतं.

दुसरी चूक त्याहून मोठी. ही बेरीज देशभराची आहे, आणि इथे देशभराची बेरीज चालतच नाही. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर ज्या राज्यात ज्याला सर्वांत जास्त मतं, त्या राज्याचे सगळे इलेक्टर त्याचे. म्हणून मतं खाल्ली का, हे राज्याराज्यात जाऊनच बघावं लागतं.

ओहायो घ्या. क्लिंटन ४०, बुश ३८, पेरो २१ टक्के. पहिल्या दोघांत फरक सुमारे ९० हजार मतांचा, आणि पेरोची मतं १० लाखांवर. इथवर आकडे आले की "बघा, खाल्ली!" असं म्हणायचा मोह होतो. पण कागद घेऊन पुढचं गणित करा. पेरोचे सगळेच्या सगळे मतदार तरीही मतदानाला आले असते असं धरलं, तरी दर शंभरातले निदान ५५ बुशकडे जायला हवे होते. ४६ जरी क्लिंटनकडे गेले असते तर ओहायो क्लिंटनचंच. बरं, धरून चालू की गेले ५५. ओहायोचे इलेक्टर २१. बुशना कमी पडत होते १०२. म्हणजे ओहायोएवढी पाच राज्यं फिरायला हवी होती.

याच्या शेजारी २००० सालचं फ्लोरिडा ठेवा. ग्रीन पक्षाचा राल्फ नेडर काही धनाढ्य नव्हता, देशभरात त्याला ३ टक्केही मतं नव्हती. फ्लोरिडात त्याला पडली ९७,४८८, आणि धाकटे बुश तिथे ५३७ मतांनी जिंकले, त्या एका राज्यावर अध्यक्ष झाले. नेडरच्या मतदारांचा कल जराही डेमोक्रॅट उमेदवार अल गोरकडे असता तरी निकाल फिरला असता. इथे मतं खाल्ली हे मला मान्य आहे. एकोणीस टक्के घेणाऱ्याने निकाल फिरवला नाही आणि तीनहून कमी घेणाऱ्याने फिरवला, कारण किती मतं पडली याला फारसा अर्थ नाही. कुठे पडली आणि त्या मतदारांची दुसरी पसंती कोण होती, एवढंच विचारायचं असतं.

पैशाबद्दलही बोलते, कारण "त्याचा स्वतःचा पैसा आहे, तो कुणाचा मिंधा नाही" हे ऐकून माझं डोकं उठतं. उमेदवाराने स्वतःचा कितीही पैसा घालावा, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच ठरवून टाकलं. बाकीच्यांच्या देणगीला मात्र मर्यादा. पेरोच्या वेळी माणशी १,००० डॉलर. पक्षाची यंत्रणा पाठीशी नसलेल्या माणसाला पन्नास राज्यांत सह्या गोळा करून मतपत्रिकेवर नाव आणायचं असतं, त्यामुळे श्रीमंतच टिकतो. पैसा त्याला मतपत्रिकेपर्यंत पोचवतो. राज्य कसं करेल, हे त्यातून कळत नाही. आणि १९९६चा पेरो अपक्ष नव्हता हो! तो रिफॉर्म पक्षाचा उमेदवार होता, सरकारी प्रचारनिधी घेऊन लढला आणि ८.४ टक्क्यांवर थांबला.

मला खरी भीती तिसऱ्याच गोष्टीची वाटते. अपक्षाने दोन-चार राज्यं जिंकली आणि २७० चा आकडा कुणीच गाठला नाही, तर अध्यक्ष निवडतं अमेरिकी संसदेचं प्रतिनिधिगृह, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. अवाढव्य कॅलिफोर्नियाला एक, तुरळक वस्तीच्या वायोमिंगलाही एक. न्यूयॉर्कचा माजी महापौर, अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्गने २०१६च्या मार्चमध्ये अपक्ष लढण्याचा विचार सोडला तो हीच शक्यता सांगून. त्याचा तो निर्णय मला पटला.

माझी भाची पेनसिल्वेनियात राहते. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, उद्या असा कुणी उभा राहिला आणि मला पटला, तर काय करू?" मी म्हटलं, तू कॅलिफोर्नियात असतीस तर बेलाशक दे म्हटलं असतं. पण तुझ्याकडे २०१६ साली साठ लाखांवर मतं पडून फरक राहिला होता ४४ हजारांचा. एक कागद घे. तो मतपत्रिकेवर नसता तर कुणाला मत दिलं असतंस, ते नाव लिही. कागद कोरा राहिला, तर तुझ्या मताने कुणाचं काही खाल्लं जात नाही, खुशाल दे त्याला. नाव लिहिलंस, तर त्या नावालाच दे.

"लिहिलं," ती म्हणाली. कुणाचं ते मी विचारलं नाही.