लहान इंजिनाचा भाता

सोलापूरच्या होटगी रोडवरच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी एका गाडीचा खोललेला टर्बो माझ्या हातात ठेवला. आकार नारळाएवढा, पण वजन चांगलंच. आतलं चक्र बोटानं फिरवायला गेलो तर अडलं. दांड्यावर करपलेल्या तेलाचा काळा थर होता, कढईच्या काठाला बसतो तसा. नखानं खरवडूनही निघेना. रस्त्यावर हेच चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं.

एवढा वेग कशाला? हवेसाठी. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, हवा आणणं अवघड. इंजिन लहान, म्हणजे त्याचा श्वासही लहान. मग लोहाराच्या भात्यासारखी हवा दाबून आत भरायची. टर्बो आणि सुपरचार्जर दोघंही हेच करतात; फरक आहे तो भाता कोण ओढतं यात.

सुपरचार्जर बहुधा इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्यावरून, पट्ट्यानं फिरतो. कापड गिरण्यांमध्ये पूर्वी एका लांब शाफ्टवरून पट्टे काढून माग चालवत, तशीच ही रचना. इंजिनाशी थेट बांधलेला असल्यानं ॲक्सिलरेटर दाबला की पिकअप लगेच मिळतो. पण भाता ओढायचे कष्ट इंजिनाचेच. १२०० सीसीच्या इंजिनाचे जोरात चालताना पाच-सात हॉर्सपॉवर सहज त्यात जातात. मोठ्या इंजिनाला ते जाणवत नाही, लहानाला जाणवतं, आणि ॲव्हरेजमध्ये दिसतं.

टर्बोचा भाता धुरावर चालतो; इंजिनातून बाहेर पडणारा धूर त्याचं चक्र फिरवतो आणि त्या जोरावर हवा दाबली जाते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे वाया जातो. त्यातली थोडी परत कामाला लावायची, ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचं पेटंट १९०५चं. हेही अगदी फुकट नाही, कारण चक्र धुराची वाट अडवतं. तरी हिशोब फायद्याचाच राहतो.

खोट दिसते ती बार्शी रोडला, ऊसतोडीच्या दिवसांत. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे आपण चौथ्या गिअरमध्ये रेंगाळतोय. समोरचा रस्ता मोकळा झाला, पाय दाबला, तर क्षणभर काहीच होत नाही. धूर कमी म्हणून चक्र मंद, चक्र मंद म्हणून हवा कमी. हाच टर्बो लॅग. अशा वेळी आधी गिअर उतरवावा, मगच बाहेर निघावं. फोक्सवॅगननं २००५ साली १.४ लिटरच्या एकाच इंजिनाला दोन्ही बसवले: खालच्या वेगात सुपरचार्जर, वर टर्बो. लॅग गेला, पण गुंतागुंत आणि खर्च वाढला.

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाची. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक हाताला लागलं की कळतं. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असतात. ती हवा पावणेदोन पट दाबली की तापमान शंभरच्या पुढे जातं. गरम हवा विरळ, शिवाय पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन ठोकायला लागतं. म्हणून मध्ये ही हवा थंड करणारा इंटरकूलर असतो. पण तो बाहेरच्या हवेनंच थंड करणार, त्यामुळे ४२च्या खाली उतरूच शकत नाही. गाडीतला कॉम्प्युटर मग स्पार्क मागे घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा देतो, आणि दुपारी तीच गाडी जड वाटते. सुपरचार्जरलाही हे चुकत नाही.

तरीही रोजच्या लहान गाडीला मी टर्बोच निवडेन, मात्र कंपनीनं बसवलेला. बाहेरून जुन्या इंजिनाला टर्बो लावून घेऊ नये. त्याचं कॉम्प्रेशन, पिस्टन, तेलाची वाट, काहीच त्या दाबाचा विचार करून बनवलेलं नसतं. गाडी फक्त हौसेसाठी असेल आणि पेट्रोलचा हिशोब नसेल, तर सुपरचार्जरची ओढ मला समजते.

मिस्त्रींनी हातात ठेवलेला तो टर्बो मात्र एका सवयीनं गेला होता. पुण्याहून भरधाव यायचं आणि दारात पोचताच किल्ली फिरवायची. इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही बंद होतो, आणि तापलेल्या दांड्यावर अडकलेलं तेल जागीच करपतं. मिस्त्रींनी गिऱ्हाइकाला एवढंच सांगितलं, "दादा, आल्यावर एक मिनिट चालू ठेवा, मग उतरा."