ब्लॉक की बॉक्स? आखून ठेवलेल्या वेळेची पार्श्वभूमी

कॅलेंडरात सकाळी दहा ते बारा असा निळा चौकोन ओढून त्यावर ‘फोकस’ लिहिणाऱ्या कोणालाही विचारून पाहा, हा चौकोन आरक्षण (‘ब्लॉक’) आहे की मुदत (‘बॉक्स’)? या दोन तासांत दुसरे काही शिरू द्यायचे नाही एवढेच म्हणायचे आहे, की काम बाराच्या ठोक्याला संपलेच पाहिजे असेही? उत्तर बहुधा ‘दोन्ही’ असे येते. सगळा घोळ त्या ‘दोन्ही’त आहे आणि तो फार जुना नाही, गेल्या चाळीसेक वर्षांतला आहे.

त्याआधीचे थोडक्यात. वेळेचे तुकडे पाडणे आपल्याला नवे नाही. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या वाटीतूनच आला. पण ती वाटी लग्नाचा मुहूर्त सांगायची, हिशेबाच्या वहीला किती वेळ द्यायचा हे नाही. दिवसाचे काम तासवार आखण्याचा सर्वांत प्रसिद्ध तक्ता अठराव्या शतकातल्या फिलाडेल्फियातल्या एका मुद्रकाचा: पहाटे पाचला उठणे, आठ ते अकरा काम, मग वाचन आणि जेवण, दोन ते पाच पुन्हा काम. तो तक्ता आजही भिंतींवर लावला जातो. त्याच्याच शेजारी त्याने दिलेली कबुली मात्र कोणी लावत नाही. छापखान्यात नोकरी करणाऱ्या कारागिराला हे जमेल, पण मालकाला अवघड, कारण गिऱ्हाईक त्याच्या सोयीने येते, असे त्याने लिहून ठेवले आहे.

विसाव्या शतकात घड्याळ दुसऱ्याच्या हातात गेले. १९११ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतशाळेतले कामगार कामाचा वेळ मोजणाऱ्या स्टॉपवॉचच्या निषेधार्थ काम टाकून बाहेर पडले. पुढे अमेरिकेच्या संसदेने सरकारी पैशाने असे मोजमाप करायला मनाई केली आणि ती १९४९ पर्यंत टिकली. वेळेच्या आखणीबद्दल कामगाराच्या मनात जो संशय असतो, त्याचे मूळ इथे आहे.

आता मुख्य गुंता. ‘टाइमबॉक्स’ हा शब्द रुळला तो सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांमध्ये. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एका मोठ्या रसायन कंपनीच्या संगणक विभागाने ठरवले की, प्रकल्पाची तारीख हलणार नाही. वेळ कमी पडला तर काम कापायचे. तोवर नेमके उलटे चाले. कामाची यादी पक्की असे आणि तारीख पुढे पुढे सरके. १९९१ मध्ये एका पुस्तकाने ही रीत सर्वदूर नेली. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेल्या एका पद्धतीत तर कामाच्या चार पायऱ्याच करून दिल्या: हवेच, हवे, असले तर बरे, यावेळी नको. मग ‘स्प्रिंट’ नावाचे कामाचे ठरावीक टप्पे आले, जास्तीत जास्त एक महिन्याचे. त्यातली रोजची बैठक १५ मिनिटांची, पूर्ण महिन्याच्या स्प्रिंटचे नियोजन फार तर आठ तासांचे. या सगळ्यात बॉक्स म्हणजे झाकण. आत मावेल तेवढेच काम, उरलेले बाहेर.

‘ब्लॉक’चा अर्थ याच्या जवळपास उलटा आहे. ब्लॉक हे कुंपण असते; आत काम किती होईल याची हमी नाही, बाहेरचे आत येणार नाही एवढीच खात्री. त्याला आधार मिळाला २००९ मध्ये. अर्धवट सोडलेल्या कामात मन रेंगाळत राहते आणि पुढचे काम खालावते, असे दाखवणारा शोधनिबंध त्या वर्षी आला. त्याच वर्षी एका संगणकतज्ज्ञाच्या लेखाने मांडले की, व्यवस्थापकाचा दिवस तासातासाने कापलेला असतो, तर काही घडवणाऱ्याला किमान अर्धा दिवस सलग लागतो. दुपारी मधेच आलेली एक बैठक त्याची अख्खी दुपार खाते. २०१६ च्या जानेवारीत आलेल्या एका पुस्तकाने ही आखणी घरोघरी नेली. त्यातही सल्ला असा की, आराखडा मोडला तर मोडू द्या आणि उरलेल्या दिवसाचा नवा काढा. म्हणजे ब्लॉक पुसून पुन्हा काढण्यासाठीच होता. झाकणाला हा मोकळेपणा परवडत नाही.

पण ज्या खोल्यांत बॉक्स आधी पोचला होता, तिथेच ब्लॉक नंतर आला, आणि बोलताना दोन्ही शब्द एक झाले. स्वतःसाठी राखलेल्या दोन तासांना वरिष्ठ मुदत समजू लागले. माझ्या मते नुकसान झाले ते ब्लॉकचे. मराठीत दोहोंना ‘वेळेचे नियोजन’ म्हटल्याने फरक आणखी पुसला गेला. खण आणि कुंपण असे दोन वेगळे शब्द चालले असते.

टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहेच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५ मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे विसावा अशी पद्धत बसवली. घटकेहून मिनिटभरच जास्त, पण त्यावरून नाते जोडू नये. अभ्यासाला बसतच नाही त्याला ते घड्याळ उपयोगी. जो बसलेला आहे त्याला मात्र ऐन रंगात आल्यावर उठवते.

महासाथीत घरून काम सुरू झाले तसे कॅलेंडर बैठकींनी भरले, आणि २०२१ मध्ये एका बड्या कंपनीने आपल्या कॅलेंडरात ‘फोकस टाइम’ हा वेगळा प्रकारच दिला. पुण्यातल्या आयटीवाल्यांना त्याची गरज जास्त. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. त्यामुळे तिकडच्या बैठका संध्याकाळी आणि सलग काम करायचे ते सकाळी, अशी वाटणी आपोआप पडते. मग सकाळच्या निळ्या चौकोनावर इथल्याच कोणाची तरी बैठक येऊन बसते.

‘फोकस टाइम’च्या त्या सोयीत एक खूणही आहे: या वेळेत आलेली निमंत्रणे आपोआप नाकारायची का? खूण करायला क्षण लागत नाही. पण साहेबाच्या निमंत्रणाला यंत्राने परस्पर ‘नाही’ कळवावे, इतका भरवसा आपल्या चौकोनावर असावा लागतो. फिलाडेल्फियाच्या मुद्रकाचा कारागीर आता उलट्या जागी आहे. त्याच्याकडे गिऱ्हाईक येत नाही, साहेब येतो.