मिठामुळे फिनॉल आणि पाण्याची फारकत

परीक्षानळीत फिनॉल (एक सेंद्रिय रसायन) आणि पाणी एकत्र केले की दोन थर पडतात: खाली फिनॉलबहुल, वर पाणीबहुल. तापवत नेले की दोन्ही थरांतले प्रमाण सारखे होत जाते आणि सुमारे 66 अंश सेल्सिअसला मधली सीमा पुसली जाते. हे त्या जोडीचे क्रांतिक विद्राव्यता तापमान. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एवढे ठाऊक असते. खरी गंमत पाण्यात मीठ असले की सुरू होते.

साडेतीन ग्रॅम फिनॉल आणि साडेसहा मिलिलिटर पाणी घ्यावे. प्रमाण बदलत सीमा पुसली जाण्याच्या तापमानाचा आलेख काढला, तर त्या वक्राचे टोक याच प्रमाणाच्या आसपास येते. फिनॉल 41 अंशांना वितळते, म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवावी, ज्योतीवर नाही. नळी दुसऱ्या रुंद नळीत बसवून पाण्याच्या बीकरमध्ये धरली की मधल्या हवेमुळे उष्णता सावकाश पोचते. सतत ढवळत गढूळपणा जातो ते तापमान टिपावे, मग थंड होताना तो परतेल ते, आणि सरासरी काढावी. दोन्हींत अंशभराहून जास्त अंतर पडले तर आच मोठी आहे. टोकाजवळ नळी निळसर दुधी दिसते. तो मळ नव्हे. द्रवातले कमी-जास्त फिनॉलचे पुंजके प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे वाढून प्रकाश विखुरतात.

आता पाण्याऐवजी 0.2 ते 1 टक्का मिठाची द्रावणे वापरावीत. तापमान चढत जाते, आलेख जवळपास सरळ रेषेत येतो आणि त्यावरून अज्ञात द्रावणातले मीठ ओळखता येते. लिटरमागे साडेसात ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडने तापमान सुमारे 8 अंश वाढते. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्याचे रेणू स्वतःभोवती बांधून घेतात, फिनॉलसाठी मोकळे पाणी उरत नाही. साबण मात्र पाणी आणि फिनॉल दोघांनाही धरतो, म्हणून तापमान उतरते.

मुंबईच्या पावसाळ्यात इथेच घोळ होतो. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठ ओलावते, वजन फसवे येते. ते ओव्हनमध्ये 110 अंशांना सुकवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करावे. फिनॉलही ओलावा ओढते, हवेने गुलाबी पडते. नळाचे पाणी वापरू नये. त्यातले क्षारही आकडा हलवतात. फिनॉल कातडी बधिर करत भाजते, म्हणून हातमोजे घालायलाच हवेत.

पाणी आयनांना कायम धरून ठेवते असेही नाही. शुद्ध पाण्याचा स्वतःचा क्रांतिक बिंदू, जिथे द्रव आणि वाफ यांतला फरक पुसला जातो, तो 374 अंश आणि सुमारे 221 बार दाबाला आहे. तिथवर त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे आयनांमधले आकर्षण क्षीण करण्याची क्षमता, 80 वरून सहाच्या आसपास घसरतो. आयनांमधले आकर्षण मग पाण्याला आवरत नाही. खारे पाणी हा बिंदू आणखी वर ढकलते: समुद्राच्या पाण्यासाठी तो सुमारे 407 अंश आणि 298 बार आहे. एवढा दाब समुद्रात साधारण तीन किलोमीटर खोलीवर मिळतो. तिथले तापलेले पाणी कमी आणि जास्त खारट भागांत फुटते, त्यामुळेच मध्यसागरी पर्वतरांगांवरच्या (समुद्रतळावरच्या डोंगररांगांवरच्या) उष्ण झऱ्यांतून कुठे समुद्राहून अळणी, तर कुठे कितीतरी खारट पाणी उसळते.

विषारी सांडपाणी 500 अंशांच्या पाण्यात जाळून संपवणाऱ्या यंत्रांना हेच छळते. साध्या पाण्यात शंभर ग्रॅमला 36 ग्रॅम मीठ विरघळते. या 500 अंशांच्या पाण्यात 250 बार दाबाला किलोमागे एक ग्रॅमही टिकत नाही. चिकट क्षार भिंतीला बसतात आणि नळ्या तुंबतात. काही रचनांत म्हणून आतली भिंत सच्छिद्र ठेवून तिच्यातून थंड पाणी झिरपवत राहतात.