घशाचा कॅन्सर: आधी जागा, मग डॉक्टर

परळला राहणाऱ्या किंवा तिथे नोकरी केलेल्या माणसाला कधी ना कधी हा फोन येतोच: ‘‘घशाचा कॅन्सर निघालाय, टाटात कोणी ओळखीचे आहे का?’’ विचारणाऱ्याची घालमेल खरी असते, पण प्रश्न एक पायरी पुढचा असतो. ‘घसा’ हा आपल्या बोलण्यात एकच शब्द असला, तरी कर्करोगतज्ज्ञाच्या लेखी त्यात नाकामागचा भाग, टॉन्सिल आणि जिभेचे मूळ, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला तळघसा आणि स्वरयंत्र असे चार वेगळे प्रदेश येतात. नाकामागच्या भागातील कॅन्सरवर मुख्य उपचार किरणोत्साराचा, तर टॉन्सिलच्या कॅन्सरमागे काही वेळा तंबाखूऐवजी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो आणि असा कॅन्सर उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतो. म्हणून आधी जागा ठरते, मग उपचार, आणि त्यानंतर डॉक्टर.

जागेला एवढे महत्त्व का, हे स्वरयंत्राइतके स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. स्वरपट्ट्या म्हणजे ताणलेल्या तारा, ही शाळेतली कल्पना आता सोडून द्यायला हवी. प्रत्येक स्वरपट्टीच्या आत स्नायू असतो, त्यावर जेलीसारखा मऊ थर आणि त्याहून वर पातळ अस्तर. बोलताना दोन्ही पट्ट्या मिटतात, खालून फुप्फुसांतील हवेचा दाब वाढतो, पट्ट्यांची खालची कड आधी उघडते, मग वरची. हवा निसटली की दाब उतरतो आणि लवचिकपणामुळे पट्ट्या पुन्हा मिटतात, त्याही खालच्या कडेपासून. अस्तरावरून अशी एक लाट खालून वर सरकत राहते, पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभराहून अधिक वेळा. आवाजाच्या गतीशी किंचित न जुळणाऱ्या वेगाने प्रकाश चमकवला, तर ही लाट संथ झालेली दिसते. ट्यूबलाइटखाली फिरता पंखा कधी कधी थबकल्यासारखा भासतो, तोच हा दृष्टिभ्रम, आणि तज्ज्ञ त्याचा तपासणीसाठी उपयोग करतात.

आता या पट्टीवर काही मिलिमीटरचा कॅन्सर उगवला आणि मऊ थर ओलांडून खालच्या थराला चिकटला, की तेवढ्या जागी लाट अडते आणि आवाज बसतो. म्हणजे गाठ अगदी लहान असतानाच रोग स्वतःची चाहूल देतो. शिवाय स्वरपट्टीच्या कडेला लसिकावाहिन्या (ज्यांतून शरीरातील द्रव आणि कधी कॅन्सरच्या पेशीही वाहत जातात अशा सूक्ष्म नळ्या) फार विरळ असतात, त्यामुळे रोग मानेतील गाठींपर्यंत उशिरा पोहोचतो. याच पट्टीच्या जेमतेम एक सेंटिमीटर वर मात्र लसिकावाहिन्यांचे दाट जाळे आहे. तिथला कॅन्सर आवाज न बिघडवता वाढतो आणि पुष्कळदा मानेतील गाठ, गिळताना दुखणे किंवा कानात ठणका अशा आडवाटेने प्रकट होतो. (कान निर्दोष असतो, घसा आणि कान यांच्या संवेदना वाहणारी मज्जातंतूंची वाट काही अंतर एकच असल्याने मेंदूची फसगत होते.)

तेव्हा तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असेल, तर खडीसाखर आणि ज्येष्ठमध बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत हा विभाग आहे, आणि दुर्बिणीची तपासणी तिथेही होते. संशयास्पद जागेचा तुकडा तपासल्याशिवाय, म्हणजे बायोप्सीशिवाय, निदान पक्के होत नाही. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत या शहरात शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येते आणि तिच्यापायी अनेकांचे मोलाचे महिने वाया जातात. रोग पसरतो तो पेशींच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे आणि वाया गेलेल्या वेळामुळे. खरी चूक वेगळीच आहे: घशात दुर्बीण न घालताच मानेतील गाठ कापून काढणे. तिथे आधी सुईने तपासणी हवी.

निदानानंतर एक ‘मोठा डॉक्टर’ शोधण्यापेक्षा हेड अँड नेक सर्जन, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचार करणारा कर्करोगतज्ज्ञ हे तिघे मिळून जिथे निर्णय घेतात, अशी जागा शोधावी. टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना 1941) ही पद्धत आहे. ओळख शोधण्यापेक्षा आधीचे सर्व रिपोर्ट, सीटी स्कॅन आणि बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) व स्लाइड सोबत नेणे अधिक उपयोगी पडते, कारण त्या पुन्हा वाचल्या जातात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी उपचार सुरू होण्यापूर्वीच करावी.

स्वरपट्टीचा कॅन्सर लवकर सापडला, तर लेझर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांपैकी एकच पुरतो आणि दोन्हींचे यश नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. ‘रोबोट’ने शस्त्रक्रिया आणि ‘प्रोटॉन’ किरणोपचार यांच्या चकचकीत जाहिराती वाचताना हे लक्षात असू द्यावे. वाढलेल्या रोगात पूर्वी स्वरयंत्र काढणे हाच मार्ग होता. 1991 साली अमेरिकेतील 332 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला: केमोथेरपी व किरणोपचार घेतलेल्यांपैकी 64 टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले, आणि दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण या गटात आणि स्वरयंत्र काढलेल्यांच्या गटात सारखेच, 68 टक्के होते. तरीही रोगाने स्वरयंत्राची कूर्चा पोखरली असेल, तर शस्त्रक्रियाच श्रेयस्कर ठरते.

स्वरयंत्र काढलेल्या अशा रुग्णाला आवाज परत मिळतो, तो त्याच लाटेच्या तत्त्वावर. कंप पावायला स्वरपट्टीच हवी असे नाही. मऊ अस्तर आणि खालून येणारी हवा पुरते. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी एकमार्गी झडप बसवतात. श्वासासाठी मानेवर केलेले छिद्र अंगठ्याने दाबले, की फुप्फुसांतील हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते आणि तिच्या वरच्या भागातील अस्तर थरथरू लागते. आवाज जाडसर असतो, पण समोरच्याला शब्द कळतात. काही महिन्यांनी झडपेवर बुरशीचा थर जमतो, पाणी पिताना ठसका लागू लागतो आणि ती बदलावी लागते. हे काम सहसा बाह्यरुग्ण विभागातच होते. त्यामुळे वाचा-उपचारतज्ज्ञ कुठे बसतो आणि झडप बदलण्याची सोय घरापासून किती लांब आहे, हे शस्त्रक्रियेच्या तारखेआधीच विचारून घ्यावे.