तारण (ख्रिस्ती धर्म)

येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मृत्यूने आणि पुनरुत्थानाने मनुष्याची पापाच्या दोषातून, दंडातून आणि सत्तेतून झालेली सोडवणूक, या अर्थाने ‘तारण’ ही संज्ञा मराठी ख्रिस्ती समाजात रूढ आहे. उद्धार, मुक्ती, पापविमोचन हे शब्दही याच संदर्भात येतात. मात्र ते एकमेकांचे तंतोतंत पर्याय नाहीत. ‘तारण’ या शब्दात बुडणाऱ्याला पैलतीरी नेण्याची कल्पना आहे, तर बायबलमधील मूळ हिब्रू व ग्रीक शब्दांत व्यवहाराची भाषा आहे. ‘लुत्रोन’ हा ग्रीक शब्द गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजलेल्या किमतीसाठी वापरला जाई. मराठी बायबलात त्यासाठी ‘खंडणी’ हा शब्द आला आहे. आजचा वाचक त्यावर अडखळतो, कारण वर्तमानपत्रातली खंडणी धमकावून उकळलेली असते आणि बायबलातली खंडणी बंदिवानासाठी दुसऱ्याने आपण होऊन भरलेली असते. ‘तारण’ शब्दाचीही एक अडचण आहे. पतसंस्थेच्या पाटीवर तो ‘सोने तारण कर्ज’ असा दिसतो. मराठवाड्यातला शेतकरी सावकाराकडे गुंतलेल्या रानाबद्दल ‘जमीन सोडवून घेतली’ असे म्हणतो, तो साधा प्रयोग मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे.

ही जवळीक केवळ शब्दांपुरती नाही. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात नेमक्या अशाच प्रसंगाचा कायदा आहे: कोणी दारिद्र्यामुळे आपले वतन विकले, तर त्याच्या जवळच्या आप्ताने ते सोडवावे, कर्जापायी कोणी स्वतःला विकून घेतले, तर त्यालाही सोडवावे. असे सोडवणाऱ्या आप्ताला हिब्रू भाषेत ‘गोएल’ म्हणतात. रूथच्या कथेत हा कायदा प्रत्यक्ष चालताना दिसतो. रूथच्या मृत नवऱ्याचा आप्त बवाज वेशीपाशी दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो आणि रूथची सासू नामी हिच्या शेताचा विषय काढतो. अधिक जवळचा आप्त आधी तयार होतो, पण शेताबरोबर विधवा रूथचीही जबाबदारी घ्यावी लागेल हे कळताच, आपल्या वतनाचे नुकसान होईल म्हणून माघार घेतो आणि व्यवहाराची खूण म्हणून पायातला जोडा काढून देतो. गोएल हा त्रयस्थ सावकार नसतो. तो रक्ताच्या नात्यातला असतो आणि पदरमोड करतो, हा मुद्दा ख्रिस्ती विचारात फार महत्त्वाचा ठरला. देव मनुष्य झाला म्हणजे मनुष्याचा आप्त झाला, असे त्याचे विवरण केले जाते.

पापाकडे केवळ चुकांची यादी म्हणून न पाहता दास्य म्हणून पाहणे हे नव्या करारातील प्रेषित पौलाच्या पत्रांचे वैशिष्ट्य आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामात फिटली नाही, तर ती पुढच्या हंगामावर चढते आणि माणूस त्याच कोयत्याला बांधलेला राहतो. दास्याची ही कल्पना येथे वेगळी समजावून द्यावी लागत नाही. परंतु दाखला येथेच थांबवला पाहिजे. उचल निदान तत्त्वतः घामाने फिटू शकते. पापाचे ऋण मनुष्याच्या पुण्यकर्मांनी फिटत नाही, ते दुसऱ्यानेच फेडावे लागते, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

मग ही खंडणी भरली कोणाला? बायबल याचे सरळ उत्तर देत नाही आणि कोणत्याही सार्वत्रिक धर्मपरिषदेने त्याबाबत एकच सिद्धांत बंधनकारक केलेला नाही. ती सैतानाला दिली गेली असे तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेनने सुचवले. चौथ्या शतकातील बिशप, नाझियान्झसचा ग्रेगरी, याला ही कल्पनाच असह्य वाटली. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ च्या सुमारास, पापाने देवाच्या सन्मानाची झालेली हानी ख्रिस्ताने भरून काढली, अशी मांडणी केली. बाराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ आबेलारने भर दिला तो मनुष्याचे हृदय पालटवणाऱ्या प्रेमावर, तर सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी आपल्याऐवजी भोगलेल्या शिक्षेवर. उपमा फार ताणली की ती तुटते, असेच या वादाच्या इतिहासावरून दिसते.

तारण व्यक्तीपर्यंत कसे पोहोचते, याविषयी पंथभेद आहेत. प्रॉटेस्टंट परंपरा केवळ कृपेने व विश्वासाने असे सांगते; कॅथलिक परंपरा कृपेलाच प्रथम स्थान देऊन बाप्तिस्मा, पापनिवेदन इत्यादी संस्कारांवर व मनुष्याच्या प्रतिसादावर भर देते. या वादाची धार ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी केलेल्या संयुक्त घोषणेने बरीच बोथट झाली.

मराठवाड्यात या शिकवणीला सामाजिक अर्थही मिळाला. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी पुढे जालना येथे कार्य केले आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. तेथे आलेल्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील लोक बहुसंख्य होते. पापातून सुटका हे शब्द त्यांनी गावकीच्या जाचातून सुटका या अर्थापासून अलग करून ऐकले असतील, असे मानणे कठीण आहे. एकनाथांच्या पैठणपासून आणि नामदेवांच्या नरसीपासून दूर नसलेल्या या मुलखात ‘उद्धार’ हा शब्द नवा नव्हता, परंतु त्याचा आशय बदलला. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे हे ख्रिस्ती तारणाचे उद्दिष्ट नाही. देवाशी तुटलेले नाते जुळणे आणि अखेरीस देहासह पुन्हा उठणे हे आहे.

भक्तिव्यवहारात हा विषय सर्वाधिक ठळक होतो तो उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे), म्हणजे येशूच्या मृत्यूच्या स्मरणदिनी. मराठवाड्यात तेव्हा ऊन तापलेले असते. भर दुपारच्या उपासनेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचने होतात. त्यांतील सहावा उद्गार ‘पूर्ण झाले आहे’ असा आहे. त्यामागच्या ग्रीक क्रियापदाचा ‘देणे चुकते करणे’ असाही एक अर्थ आहे आणि कर भरण्याच्या संदर्भात नव्या करारात ते त्याच अर्थाने आले आहे.