बावीचं पाणी चांगलं की वाईट, हे ठरवतं कोण?

मे महिन्यात आमच्या वाडीत दोन गोष्टी हमखास होतात, आधी विहिरी उपसतात आणि मग ग्रामपंचायतीचा माणूस जंतू मारायच्या टीसीएल पावडरची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पिशवी घेऊन येतो, आणि पुढचे तीनचार दिवस चहाला स्विमिंग पूलचा वास येतो म्हणून घराघरात कुरकुर. ही पावडर आपल्याकडे आली कशी ते शोधायला बसलो तर लक्षात आलं की 'चांगलं पाणी' म्हणजे काय याचं उत्तरच दर काळात वेगळं होतं.

अगदी जुना प्रश्न एकच, गोडं की खारं. सिंधुदुर्ग किल्ला 1664 ला बांधायला घेतला, चहूबाजूंनी समुद्र, आणि आत दूध बाव, दही बाव, साखर बाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. नावं बघा ना, सगळी चवीची. किनाऱ्यावर गोडं पाणी मिळतं ते पावसाचं मुरलेलं पाणी हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं म्हणून. हिशोब ढोबळ आहे पण भीतीदायक आहे: समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी 1 मीटर असेल तर खाली साधारण 40 मीटर गोड्याचा साठा असतो, म्हणजे वरची पातळी थोडी खाली ओढली की खालून खारं भसाभस वर चढतं. रहाटाने नि पोहऱ्याने पाणी काढत होते तोवर कोणी एवढं उपसूच शकत नव्हतं. मोटरपंप आले आणि पुळणीतल्या कितीतरी विहिरी मचूळ झाल्या, त्याला पावडरचा काही उपयोग नाही.

मग दुसरी कसोटी, पाणी नितळ दिसलं पाहिजे. तुरटी फिरवायची, निवळीची बी उगाळून घालायची (निवळीला संस्कृतात कतक, आणि मनुस्मृतीत चक्क टोमणा आहे की नुसतं कतकाचं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही). काही जण विहिरीत कासव सोडायचे. आणि वर्षातून एकदा उपसा. आमची विहीर जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली, फटीफटीतून नेचे उगवतात, ते उपटायचे, पिंपळाचं रोप दिसलं तर मुळासकट काढायचं नाहीतर चिरा सुटतो, आणि तळाचा लाल गाळ घमेल्याने वर ओढायचा. गाळात दरवर्षी काय काय सापडतं, गेल्या वेळी दोन पोहरे, एक तांब्या आणि कोणाची तरी चप्पल. एरवी कळशी पडली की गळ टाकून काढतात, तो लोखंडी गळ अख्ख्या वाडीत एकाच घरी, आणि मागायला गेलं की आधी "परत दोरी सुटली काय?" हे ऐकून घ्यायचं.

तिसरी गोष्ट गप्पांत कोणी काढत नाही. शुद्ध पाणी म्हणजे कोणी शिवलेलं नाही असं पाणी, हाही कोकणातलाच इतिहास आहे. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असा ठराव समाजसुधारक सी. के. बोल्यांनी 1923 ला मुंबई विधिमंडळात मंजूर करून घेतला होता, तरी 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सनातनी मंडळींनी तळ्यातून 108 घागरी पाणी काढून त्यात पंचगव्य घालून ते परत तळ्यात ओतलं, आणि त्याला शुद्धीकरण म्हटलं! जंतू कळायला लागून तेव्हा चाळीसेक वर्षं होऊन गेली होती, त्यात शेण कालवलेलं पाणी शुद्ध. तळं अस्पृश्यांनाही खुलं की नाही हा वाद कोर्टात गेला, त्याचा शेवटचा निकाल त्यांच्या बाजूने 1937 ला लागला.

जंतूंचं प्रकरण सुरू झालं पटकीपासून, म्हणजे कॉलऱ्यापासून. कॉलरा घाण पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने 1854 ला दाखवलं, त्याचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने 1884 ला कलकत्त्यात ओळखला, आणि आग्र्याला हँकिन नावाचा इंग्रज संशोधक विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाका म्हणून मागे लागला, म्हणजे पाणी गुलाबी दिसायचं. मुंबईत भानगड वेगळीच होती, 1911 च्या बेंटलीच्या मलेरिया अहवालात घराघरातल्या विहिरी डासांचं मूळ ठरल्या, पालिका त्या बुजवायला-झाकायला निघाली आणि पारशी, हिंदू सगळ्यांनी धर्मकार्याला विहीर लागतेच म्हणून हरकत घेतली.

ब्लीचिंग पावडरचं पेटंट 1799 चं, ते कापड पांढरं करायला. पाण्यात ती खूप नंतर आली. प्रमाण तसं सोपं आहे, ताज्या पावडरचं 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम. आमची विहीर 3 मीटर रुंद, मेमध्ये पाणी 2 मीटर, म्हणजे जेमतेम 14 हजार लिटर, म्हणजे 35 ग्रॅम. पंचायतीचा माणूस ओंजळ भरून सरळ आत फेकतो, म्हणून तो वास! खरं तर बादलीत कालवायची, पावडरीतला चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी तेवढं दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून खालीवर हलवायची आणि निदान तासभर पाण्याला हात लावायचा नाही. उघड्या पिशवीतल्या पावडरचा जोर आपल्या दमट हवेत लवकर मरतो, मग ओंजळ टाका की घमेलं. आणि शोषखड्डा विहिरीपासून 50 फूट तरी लांब हवा, जांभा दगड चाळणीसारखा, त्यातून काय कुठे झिरपेल सांगता येत नाही.

यंदा मी तराजूने 35 ग्रॅम मोजून टाकली, वास जवळजवळ आलाच नाही. तरी आईने आदल्या रात्री तांब्याची कळशी भरून बाजूला ठेवलेली होती, देवाच्या पूजेला पावडरचं पाणी चालत नाही म्हणून.