हार्डविक हॉल: दगडी घर एवढी काच कशी पेलतं?

इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये टेकडीच्या माथ्यावर हार्डविक हॉल हा वाडा आहे. ‘भिंतीपेक्षा काचच जास्त’ ही त्याची जुनी ख्याती. चार वेळा विधवा झालेल्या, अफाट श्रीमंत बेस ऑफ हार्डविकनं तो १५९० ते १५९७ या काळात बांधला. सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर तिची ‘ई. एस.’ (एलिझाबेथ श्रूजबरी) ही आद्याक्षरं दगडात कोरलेली आहेत. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. हा मुळात पाथरवट. वाडा पाहताना हे पदोपदी जाणवतं.

दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र सोसत नाही. दोन टेकूंवर लांब शिळा आडवी टाकली, की वरच्या ओझ्यानं तिची खालची बाजू ताणली जाते आणि तडा तिथूनच जातो. म्हणून रुंद खिडकीवर एकच शिळा चालत नाही. स्मिथसननं प्रत्येक खिडकी उभ्या दगडी दांड्यांनी अरुंद कप्प्यांत विभागली. वरची शिळा आता थोडंच अंतर ओलांडते आणि वजन दांड्यांतून सरळ खाली उतरतं. त्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली छोटी तावदानं बसवली, कारण मोठी सपाट काच तेव्हा बनतच नव्हती.

पण मला खरी अक्कलहुशारी दिसते ती आत. घराच्या मधोमध लांबलचक जाड भिंत आहे. शेकोट्या आणि त्यांची धुराडी बाहेरच्या भिंतींत न घालता मुख्यतः आतल्या भिंतींत घेतली आहेत. तुळयांचा बराच भारही मधली भिंत घेते, त्यामुळे बाहेरची भिंत खिडक्यांसाठी मोकळी झाली. खिडक्या मजल्यागणिक उंच होत जातात. मानाची दालनं सर्वांत वर हवी होती, म्हणून तसं केलं. पण भाराच्या हिशेबातही ते चोख बसतं, कारण वरच्या भिंतीवर ओझं कमी असतं. काही खिडक्यांमागे तर खोलीच नाही! दर्शनी बाजूचा तोल साधायला त्या बसवल्या आहेत.

एवढ्या काचेतून हिवाळ्यात ऊब भराभर बाहेर जाते. भिंतींवरचे विणलेले जाड पडदे थोडी थंडी अडवत. लांब दालनातले बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे १३ पडदे बेसनं १५९२ मध्ये विकत घेतले. खिडक्यांतल्या उजेडानं असे रंग विटतात, धूळ धागे कुरतडते. त्या तेरा पडद्यांची डागडुजी २४ वर्षं चालली आणि २०२३ मध्ये पुरी झाली.